उलटे डोंगर

मराठवाड्यातल्या गिर्यारोहणाचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्याचे पहिले प्रकरण परभणीपासून सुरू करावे लागेल. त्या प्रकरणात डोंगर फारसा येणार नाही, ही एक अडचण आहे. दुसरी अडचण अशी की तो इतिहास घडत असताना मी दोराच्या मधोमध बांधलेला होतो, आणि नेमके काय घडते आहे हे मला तेव्हा कळले नव्हते. आता पुष्कळ वर्षे गेली. अजून कळलेले नाही.

तो दोर ज्यांनी बांधला ते गृहस्थ विहिरी मोजणाऱ्या खात्यात होते. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, आणि त्या आटल्यावर सरकारला त्यांची खोली जाणून घ्यावीशी वाटली. ठरवून दिलेल्या विहिरींवर सायकलने जायचे, आत टेप सोडायचा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचे, एवढेच त्यांचे काम. परभणीत माझ्या शेजारच्या खोलीत ते भाड्याने राहायला आले तेव्हा मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. पहिल्या दिवशी नळावर माझी बादली बाजूला सारून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “सर, तुमचं वजन किती?”

मी सांगितले.

“चालेल,” ते म्हणाले. नाव, गाव, जात, पगार असे नवा भाडेकरू जे काही विचारतो त्यातले त्यांनी मला पुढेही कधी विचारले नाही.

गल्लीत त्यांना विहीरसाहेब म्हणत. आम्हाला मात्र त्यांनी ‘लीडर’ म्हणायला लावले. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शाळेत गणित शिकवणारे वाघमारे मास्तर. वाघमारे चुडाव्याकडच्या एका खेड्यातले. त्यांचे आईवडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. बोलणे मोजके आणि हसणे त्याहून मोजके. ते यात कसे ओढले गेले हे मला ठाऊक नाही. माझे तरी वजन जुळले होते.

लीडरांचे सुरुवातीचे शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून झाले होते, त्यामुळे महत्त्वाचे काही बोलायचे असले की ते त्या भाषेकडे वळत. “आदमी तजुर्ब्यानं बनतो,” ते म्हणत. “घरात बसून फक्त वय बनतं.” त्यांच्या खोलीत भिंतभर हिमालयाचा नकाशा होता. कुठल्या शिखरावर कुठल्या बाजूने चढतात, वर हवा किती विरळ असते, बोटे कशी काळी पडतात, हे ते झोपेतही सांगू शकले असते. स्वतः मात्र त्यांनी उभ्या जन्मात एकही डोंगर चढलेला नव्हता. आपल्या भागात डोंगर नाहीत ही त्यांना निसर्गाची नव्हे, प्रशासनाची चूक वाटे.

यावर त्यांनी काढलेला तोडगा सरळ होता. डोंगर बुडापासून मोजतात, विहीर तोंडापासून. साठ फूट ते साठच फूट. “मामला फक्त उलटा आहे,” ते म्हणाले. मी मराठीचा मास्तर. मला यात काहीतरी चुकते आहे असे वाटले, पण काय ते सापडेना. वाघमाऱ्यांना विचारले, तर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “हिशेबात तर बरोबर हाय.”

झाले. दर रविवारी मोहीम निघू लागली. इंजिने आल्यापासून मोटा बसल्या होत्या आणि जाड दोर गोठ्यांतून धूळ खात पडले होते. त्यातला एक लीडरांनी कुणाकडून तरी मागून आणला. डोक्याला सोला हॅट, पायात पोलिसांच्या असतात तसले कॅनव्हासचे बूट, गळ्यात कवायतीची शिट्टी. दोराच्या पुढच्या टोकाला ते स्वतः नंबर एक, मधे मी नंबर दोन, मागे वाघमारे नंबर तीन. विहिरीच्या काठावर, लिंबाखाली, भाकऱ्यांचे गाठोडे ठेवायचे. त्याला मुक्काम म्हणायचे. “ओझं मुक्कामावर. अंगावर फक्त माणूस,” हा नियम. मग शिट्टी, आणि भिंतीकडे तोंड करून, बाहेर आलेल्या दगडी टप्प्यांवरून आम्ही खाली ‘चढायला’ लागायचो. तळाशी पोचलो की शेवटच्या दगडावर उभे राहून ओंजळीने गार पाणी प्यायचे, टेप लावायचा, आणि परत वर येऊन भाकरी खायची. वहीत ‘पेडगाव उत्तर’, ‘पेडगाव दक्षिण’ अशी विहिरींची नावे शिखरांसारखी लिहिलेली असत.

पेडगाव दक्षिणच्या मालकाने पहिल्यांदा आम्हाला तसे बांधलेले पाहिले आणि तो धावत काठावर आला.

“साहेब, काय पडलंय का आत?”

“काही नाही. चढाई आहे!” आतून लीडर.

मालक जरा घोटाळला. “मंग वर या की!”

प्रवासाने माणसाची वाढ होते, असे लीडरांचे मत होते. त्या वर्षभरात माझ्यात झालेली वाढ मी प्रामाणिकपणे शोधत होतो. तळहाताला घट्टे पडले आणि चार भाकऱ्या जाऊ लागल्या, याखेरीज नोंदवण्यासारखे काही आढळले नाही. पण रविवार आला की मी पहाटे आपोआप जागा व्हायचो, हेही खरे. शाळेत वाघमारे आणि मी आठ वर्षे एकाच टेबलाशी बसत होतो आणि एकमेकांना खडूखेरीज काही मागितले नव्हते. विहिरीत मात्र ते माझ्या डोक्यावर उभे राहून “सर, डावा पाय जरा खाली, हां, तिथं दगड पक्का हाय,” असे सांगत, आणि मी ऐकत असे. याला मैत्री म्हणायचे की आणखी काही, याचा आम्ही तिघांनीही कधी खल केला नाही.

वाघमाऱ्यांच्या गावातली जुनी बारव लीडरांच्या सरकारी यादीत नव्हती. तरी त्यांनी ती मोहिमेत घेतली. बारवेला थेट पाण्यापर्यंत पायऱ्या असतात, दोराची गरज नसते. लीडरांनी तरी बांधला. काठावर आलो आणि वाघमारे थांबले.

“तुमी जावा. मी इथं थांबतो.”

“का? तब्येत बरी नाही?”

“तब्येतीला काय झालंय?” वाघमारे दुसरीकडे बघत म्हणाले. “आमचा बाप या पायऱ्या कधी उतरला न्हाई. वर घागर ठेवून उभा राहायचा. कुणाला दया आली तर वरूनच ओतायचं. आता कोण अडवत न्हाई म्हणा. पर आमच्यातलं कोण उतरत बी न्हाई. वस्तीला बोअर झालाय.”

लीडर हातात गाठ धरून ऐकत होते. ते काहीतरी भलतेच बोलतील अशी मला धास्ती वाटू लागली.

“पायऱ्या किती आहेत?” त्यांनी विचारले.

“मोजल्या न्हाईत. कशा मोजणार?”

“मग आज तुम्ही नंबर एक. मोठ्यानं मोजत उतरा. माझ्या वहीत आकडा पाहिजे.”

आणि त्यांनी खरोखर दोराचे पुढचे टोक वाघमाऱ्यांच्या कमरेला बांधले. वाघमारे उतरू लागले. एक, दोन, तीन. पिंपळाच्या पारावरची दोन-तीन म्हातारी माणसे उठून काठाशी आली. एकाने हाक मारली, “वाघमाऱ्याच्या पोरा, काय करायलास रं?”

“सरकारी मोजणी आहे,” मागून लीडर ओरडले. “मधे बोलू नका, आकडा चुकतो!”

उतरताना एकोणचाळीस भरल्या. वाघमाऱ्यांनी तोंड धुतले, तीन ओंजळी पाणी प्यायले, मग नुसतेच पाण्यात हात घालून बसले. वर येताना आकडा चाळीस आला.

“पुन्हा,” लीडर म्हणाले.

वाघमारे पुन्हा उतरले, पुन्हा चढले. या वेळी पारावरचे लोकही मनात मोजत होते. आकडा चाळीसवर कायम झाला. परतताना वाघमारे मैलभर सायकल जोरात दामटत होते. मग एकदम हसू लागले. “लीडर, तुमी येडे हाव का शहाणे, एकदा सांगून टाका राव.”

“चाळीस,” लीडर म्हणाले. “उतरताना तुम्ही वरची एक सोडली होती.”

दुसऱ्यांदा मोजायला लावले ते आकड्यासाठी, की वाघमाऱ्यांनी तिथे आणखी एकदा उतरावे म्हणून? त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते ठरवता आले नाही. त्यांचा चेहरा सोला हॅटखाली असे आणि हॅट मोठी होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी उत्तरेकडच्या एका गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थेचे अर्ज मागवले. एक नव्हे, तीन. “एक मागवला तर त्यांना वाटतं एकटा वेडा आहे. तीन मागवले की मंडळ वाटतं.” वयाची अट होती, आणि त्या वर्षानंतर लीडर तिच्यात बसणार नव्हते. म्हणजे हीच वेळ, पुन्हा नाही. अर्जात एक रकाना होता: यापूर्वी चढून गेलेले डोंगर. लीडर त्या रकान्यापाशी चार दिवस अडून बसले.

“लिहा की विहिरी,” मी म्हणालो. “साठ फूट ते साठच फूट.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वर्गात शिवी दिली होती. “विहीर म्हणजे डोंगर नाही, सर,” ते म्हणाले. दीड वर्ष मी या माणसाबरोबर विहिरीत लोंबकळलो होतो.

तेव्हा खरा डोंगर चढणे आले. जिंतूरच्या पुढे, येलदरी धरणाच्या बाजूला, दाखवण्यासारखे काही उंचवटे आहेत. त्यातला एक निवडला. वर देवीचे ठाणे होते. हिमालयात जायचा मोसम मे महिन्यात असतो, असे लीडरांनी वाचले होते. तो नियम त्यांनी जिंतूर तालुक्यालाही लावला. अर्जाची मुदत संपायला आठवडा होता.

एसटीतून उतरलो, पायथ्याशी बाभळीखाली मुक्काम ठोकला. भाकऱ्या तिथे ठेवल्या. पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्याही तिथेच ठेवला. यात काही चुकते आहे असे तिघांपैकी कुणालाही वाटले नाही, हे मी आजही कुणाला सांगताना चाचरतो. तिघेही शिकलेले, एक तर गणिताचा मास्तर. पण दीड वर्ष आमच्या प्रत्येक मोहिमेत पाणी दुसऱ्या टोकाला होते. पोचायचे आणि प्यायचे. अंगाला तशी सवय झाली होती, आणि डोक्यालाही.

निम्म्या वाटेवर वरून एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उतरताना भेटली. आम्हाला एका दोरात पाहून ती वाटेतच थबकली.

“कुटं चाललाव रं बाबा हो? बैल हरवला का?”

“मोहीम आहे, आजी,” लीडर म्हणाले.

“हां, मंग जावा.” मोहीम हा कसला तरी नवस असावा, असा तिचा समज झालेला दिसला. “वर देवीचा रांजन हाय. म्या रोज भरते. आताच भरून आले. पाणी पिवा.”

लीडरांनी माझ्याकडे वळून पाहिले. दुसऱ्या टोकाला पाणी होते. त्यांचे शास्त्र बरोबर निघाले होते.

मला मात्र तिथवर जाता आले नाही. देवीचा झेंडा दिसू लागला, माथा पंचवीस हातांवर राहिला, आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी पिवळे, मग काळे झाले. शुद्धीवर आलो तेव्हा एका खडकाच्या वीतभर सावलीत पडलो होतो. खाली दूरवर येलदरीचे पाणी ताटासारखे चमकत होते. एवढे पाणी समोर असून जीभ टाळ्याला चिकटली होती. लीडर माझ्याशेजारी बसून माझे मनगट धरून होते. वाघमारे नव्हते, ते दोरातून बाहेर पडून, लीडरांची हॅट घेऊन वर पळाले होते.

हॅटमधून आणलेले पाणी गळत गळत माझ्यापर्यंत ओंजळभर उरले. मग दुसरी हॅट आणली, मग तिसरी. मी उठून बसलो.

“लीडर, आता तुमी जाऊन या,” वाघमारे म्हणाले. “मी बसतो सरांजवळ.”

“नको.”

“अवो पंचवीस हात राहिलंय! शेंबडं पोरगं जाईल.”

“मोहीम पोचली ना? बस.”

“मोहीम पोचली. तुमी कुटं पोचलाव? अर्जात काय लिवणार?”

“सरांची नाडी बघायलोय मी,” लीडर म्हणाले. “मधे बोलू नका.”

“माझी नाडी ठीक आहे,” मी म्हणालो. खरोखर ठीक होती. “जा तुम्ही. याच्यासाठीच आलो आहोत आपण.”

ते हलले नाहीत. त्यांनी मनगटही सोडले नाही. अर्धा तास आम्ही तसेच बसलो होतो, वाघमारे चिडून दगड भिरकावत, मी लाजेने चूर, आणि लीडर डोंगराकडे तोंड करून. मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि उतरायला सुरुवात केली. ते सबंध उतार पाठमोरे उतरले, विहिरीत उतरावे तसे, डोंगराच्या अंगाला नाक लावून. मला वाटले, हे काही तंत्र असेल.

माझ्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ उठले होते. ते आठवडाभर होते. नाडी बघताना इतके दाबत नाहीत, हे मला वळ निघून गेल्यावर सुचले.

परत आल्यावर लीडरांनी दोन अर्ज स्वतःच्या अक्षरात भरले; तिसरा, माझा, कोराच राहिला. वाघमाऱ्यांच्या अर्जात त्या डोंगराचे नाव लिहिले. स्वतःच्या अर्जात त्याच रकान्यात लिहिले: निरंक.

“अहो, कोण येतंय बघायला?” मी म्हणालो. “आम्ही दोघं साक्षीदार आहोत. सही करतो आम्ही.” खोट्यावर सही करायला मी आयुष्यात पहिल्यांदा तयार झालो होतो, आणि मला त्याचे जराही वाईट वाटत नव्हते. वाढ झालीच असेल तर ती हीच.

“मी होतो ना तिथं,” ते म्हणाले, आणि पाकीट चिकटवले.

वाघमाऱ्यांना बोलावणे आले. लीडरांना छापील दिलगिरीचे कार्ड आले. वाघमारे नकोच म्हणत होते; लीडरांनी त्यांचा रजेचा अर्जही स्वतःच लिहिला, आणि परभणी स्टेशनवर त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली. बूटही द्यायला निघाले होते. ते दोन बोटे लहान पडले. महिन्याने वाघमारे नाकाचे साल गेलेले आणि आणखी काळे होऊन परत आले. गल्लीतल्या लोकांनी ओट्यावर त्यांना घेरून बर्फाचे विचारले. लीडरांनी एकच विचारले.

“तिथं पाणी कुठं ठेवतात?”

“ज्याचं त्याच्या पाठीवर.”

लीडरांनी ते वहीत लिहून घेतले.

विहिरींच्या मोहिमा पुढेही काही दिवस चालल्या, आता वाघमारे नंबर एक. लीडर स्वतःहून मागे गेले. वाघमाऱ्यांनीच एकदा स्टाफरूममध्ये, वह्या तपासता तपासता, मला म्हटले, “सर, त्या दिवशी लीडरनं एकदा बी खाली बघितलं न्हाई. ध्यानात आलं का तुमच्या?” मग मला सगळे उलगडू लागले. विहिरीत तोंड भिंतीकडे असते. खाली काळोख असतो. किती खोल आहोत ते दिसत नाही, फक्त टेपवर वाचता येते. उंचीला भिणाऱ्या माणसाने डोंगर चढायची हौस कशी भागवावी, याचे याहून चांगले उत्तर मला देता आले नसते. त्यांनी माझ्यासाठी डोंगर सोडला, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. कदाचित त्यांनी डोंगर सुटावा म्हणून मला धरले होते.

पण मी हे बोलून दाखवले की वाघमारे उलटे बोलत: “न्हाई सर, तुमचा जीव जायला लागला होता, तुमाला दिसलं न्हाई. म्या बघितलंय त्यांचं तोंड.” आणि मी त्यांच्या बाजूला वळलो की ते म्हणत, “पर पाठमोरं कशाला उतरावं माणसानं?” आम्ही दोघे मिळून कधी एका मतावर आलो नाही.

शेवटी एकदा पेडगाव उत्तरच्या तळाशी, त्यांच्यासमोर कमरेइतक्या पाण्यात उभा असताना, मी सरळ विचारले, “लीडर, तुम्हाला उंचीची भीती वाटते का?”

“टेप धरा,” ते म्हणाले. “हलवू नका.”

पुढे लीडरांची बदली झाली, माझे लग्न झाले, वाघमारे दुसऱ्या गावच्या शाळेत गेले, आणि दोर ज्याचा होता त्याच्या गोठ्यात गेला. बऱ्याच वर्षांनी लीडरांच्याच खात्यातला एक माणूस मला कुणाच्या तरी लग्नात भेटला. त्याने सांगितले की साहेबांना बढती आली होती आणि त्यांनी ती नाकारली. नवे कार्यालय दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर होते, म्हणून नाकारली असे सगळे खात्रीने सांगतात. मला अतोनात बरे वाटले. इतक्या वर्षांचा गुंता एका मजल्याने सुटत होता, आणि तेवढ्याशा बरे वाटण्यासाठी आपण मित्राला भित्रा ठरवतो आहोत, याचे वाईटही वाटले. वाघमाऱ्यांना पत्र घालण्यापूर्वी, कधी नव्हे ती खातरजमा करावी म्हणून, त्या शहरात कामाला गेलो असताना मी ते कार्यालय शोधून काढले.

इमारत एकमजली होती.